बहावा फुललाय आणि कॉलनीत भुंग्यांवर फवारणी ठरतेय: माहिती हवी आहे

वसुधा_सुदामानगर | ९ मे, सकाळी ८:१०

नमस्कार मंडळी,

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बहाव्याची चार झाडं आहेत. सध्या पान दिसत नाही इतकी फुलली आहेत. सकाळची कचरा गाडी त्यांच्याखालून जाते ती टपावर पाकळ्या घेऊनच. फुलांवर उजाडल्यापासून मोठे, काळे कुळकुळीत भुंगे असतात. ऊन पडलं की त्यांचे पंख निळे-जांभळे चमकतात. हेच भुंगे कॉलनीच्या बागेतल्या जुन्या बांबूच्या मांडवात आणि एका झाडाच्या वठलेल्या फांदीत भोकं पाडून राहतात.

आता रहिवासी समितीत असं घाटतंय की मांडव मोडायचा, वठलेली फांदी उतरवायची आणि झाडांवर औषध मारायचं. दोन कारणं सांगतात: मुलांना चावतील, आणि लाकूड पोखरून ठेवतात. मला हे अजिबात पटत नाही. पण ‘जाऊ द्या, मुके जीव आहेत’ एवढ्यावर बैठकीत कुणी थांबणार नाही. रविवारी बैठक आहे. हे भुंगे झाडासाठी नेमकं काय करतात, माणसाला त्यांच्यापासून खरा धोका किती, हे मला नीट समजून घेऊनच बोलायचंय.

आणखी एक. झाडं एवढी फुलतात, पण शेंगा फार थोड्या धरतात, आणि अलीकडे तर आणखीच कमी. याचा भुंग्यांशी काही संबंध असेल का?

---

कडूनिंब | ९ मे, सकाळी ८:४५

ताई, झाड बहावाच आहे ना? आपल्या इंदुरात रस्त्याकडेला पिवळं फुललेलं झाड म्हणजे कितीदा तरी सोनमोहर नाहीतर कासोद असतं.

---

वसुधा_सुदामानगर | ९ मे, सकाळी ८:५२

बहावाच, दादा. इथले शेजारी अमलतास म्हणतात. घोस खाली लोंबतात, आणि गेल्या वर्षीच्या हातभर लांब काळ्या शेंगा अजून लटकताहेत.

---

चिमणीची_आई | ९ मे, सकाळी ९:३०

मी तुमच्या समितीच्या बाजूने एक गोष्ट सांगते, रागावू नका. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. मागे आमच्या इमारतीवर आग्या मोहोळ बसलं होतं, कुणीतरी दगड मारला आणि माश्या उठल्या. शेजारच्या आजोबांना दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हापासून मोठा गुणगुणाट ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांची भीती खोटी नाही. ती कशी दूर करायची तेही या धाग्यात यावं, असं वाटतं.

---

नर्मदाकाठ | ९ मे, दुपारी १२:२०

वसुधाताई, धागा अगदी वेळेवर काढलात. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. विद्यार्थ्याच्या हातात एकच फूल द्यायचं असेल तर मे महिन्यात मी बहाव्याचंच देतो. तुम्हीही रविवारी बैठकीला ताज्या फुलांचा एक घोस घेऊन जा. पुढचं सगळं त्यात डोळ्यांनी दिसतं.

फूल हातात धरा. पाच पाकळ्या. मधे दहा पुंकेसर, पण तीन तऱ्हांचे. तीन लांब, बाक घेऊन पाकळ्यांच्याही बाहेर आलेले. त्यांचे दांडे तीन-चार सेंटिमीटर भरतात. चार आखूड आणि सरळ, फुलाच्या मध्याशी. उरलेले तीन इतके बारीक की त्यांच्यात काही राम उरलेला नाही. लांब पुंकेसरांच्या सोबतीने एक हिरवी, बाकदार काडी दिसेल. तो स्त्रीकेसर. पुढे शेंग होते ती त्याची.

आता मुख्य मुद्दा. या फुलात मध नाही, थेंबभरही नाही. येणाऱ्या पाहुण्याला द्यायला बहाव्याकडे फक्त पराग आहेत. भुंग्याची मादी पिल्लांसाठी परागच गोळा करते, त्यामुळे तिला ते चालतं. अडचण झाडाची आहे. पराग पिल्लांच्या पोटात गेले तर दुसऱ्या फुलापर्यंत काय पोचणार? मजूर लावायचे आणि मजुरी बियाण्याच्या पोत्यातूनच मोजायची, अशातला हा प्रकार. बहाव्याने यावर कामाची वाटणी केली आहे. मधले चार आखूड पुंकेसर पाहुण्याला खाऊ घालण्यासाठी. मादी येते ती त्यांनाच धरते. ती तिथे गुंतलेली असताना बाहेर वळलेले लांब पुंकेसर तिच्या अंगाच्या मागच्या भागाला लागतात आणि जिथे तिचे पाय सहज पोचत नाहीत अशा जागी पराग चिकटवून देतात. पुढच्या फुलावर तीच जागा स्त्रीकेसराच्या टोकाला घासते.

हर्मन म्युलर आणि ब्राझीलमध्ये स्थायिक झालेला त्याचा भाऊ फ्रित्झ म्युलर यांनी १८८० च्या दशकात ही वाटणी प्रथम नीट मांडली: एकाच फुलात चाऱ्याचे पुंकेसर वेगळे, परागणाचे वेगळे. दोन तऱ्हांच्या पुंकेसरांचं कोडं चार्ल्स डार्विनलाही शेवटपर्यंत सुटलं नव्हतं. १९ एप्रिल १८८२ ला तो गेला. त्याच्या थोडेच दिवस आधी त्याने अमेरिकेतल्या एका अनोळखी प्राध्यापकाला पत्र लिहून अशा फुलांचं बी मागवलं होतं. त्याने मागितलेल्यांत बहाव्याच्या गोतातली एक वनस्पतीही होती. बी मिळालं असतं तर त्याने पेरून मोजमाप सुरू केलं असतं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, म्हणून इथे लिहिली.

आता भुंगाच का, हा प्रश्न. आखूड पुंकेसरांच्या परागकोशांना बारीक छिद्रं असतात. पराग आत कोंडलेले असतात, वरवर हात फिरवून निघत नाहीत. भुंग्याची मादी जबड्याने आणि पायांनी पुंकेसर घट्ट धरते, पंख स्थिर ठेवते आणि उडण्याचे स्नायू सेकंदाला शेकडो वेळा थरथरवते. त्या हादऱ्याने पराग भसकन बाहेर येतात. याला बझ पॉलिनेशन म्हणतात. झाडाखाली उभं राहून कान दिलात तर कळेल: उडताना जाड, खर्जातली भुणभुण असते, फुलावर बसल्यावर ती थांबते आणि तुकड्या-तुकड्याने बारीक, चढा आवाज येतो. तो थरथरीचा आवाज. एकदा ओळखला की दरवेळी ओळखता येतो.

आग्या माशी, सातेरी किंवा छोटी फुलोरी, मधमाश्यांना ही थरथर जमत नाही. त्याही बहाव्यावर येतात, सांडलेले पराग वेचतात. पण त्या लहान पडतात. लांब पुंकेसर आणि स्त्रीकेसराच्या टोकाला त्यांचं अंग लागेलच असं नाही. बंबलबी म्हणतात त्या केसाळ माश्या हिमालयाच्या पट्ट्यात आहेत, माळव्याच्या पठारावर नाहीत. एवढं मोठं फूल हलवायला आपल्याकडे मोठ्या अंगाचा पाहुणा म्हणजे हा लाकडात राहणारा भुंगाच. शास्त्रीय नाव झायलोकोपा. त्याच्यापेक्षा लहान, पोटावर निळे पट्टे असलेल्या माश्याही थरथर करतात, पण लांब पुंकेसरांपर्यंत अंग पोचवायचं काम भुंग्याइतकं कुणी करत नाही.

शेंगांबद्दल. सगळ्या फुलांच्या शेंगा कधीच होत नाहीत, झाडाला तो भार पेलणार नाही. एका शेंगेला पिकायला जवळजवळ वर्ष लागतं. त्यामुळे थोड्या शेंगा हे एरवी दुखणं नव्हे. पण बहर तसाच असून शेंगा आणखी घटत असतील तर पहिला संशय पाहुणे कमी झाल्याचाच घ्यावा. आणि फुललेल्या झाडावर औषध मारलं तर ते परागांवर बसतं, परागांसोबत बिळात जातं आणि पिल्लाच्या घासात उतरतं. फवारणी करायचीच तर फुलोऱ्यात नाही, एवढं तरी समितीने मान्य करावं.

---

नर्मदाकाठ | ९ मे, दुपारी १२:४१

चिमणीच्या आई, तुमचा प्रश्न राहिला. आग्या मोहोळाची भीती खरी आहे आणि ती बाळगावीच. तिथे हजारो माश्या एका पोळ्याची राखण करतात, एक डिवचली की सगळ्या येतात. भुंग्याचं तसं नाही. प्रत्येक मादी आपलं बीळ आपण सांभाळते, फार तर एखादी लेक सोबत असते. झुंड नाही, म्हणून झुंडीने हल्लाही नाही. मादीला नांगी असते; मुठीत पकडली, अंगाखाली दाबली गेली तर डंख करते. तोंडासमोर येऊन घोंगावणारा, हवेत एका जागी तरंगणारा असतो तो बहुधा नर. त्याला नांगीच नसते. आपल्या हद्दीत कोण आलंय एवढंच तो बघतो.

ज्यांना माशीच्या डंखाची ॲलर्जी आहे त्यांनी मात्र लांबूनच पाहावं. मुलांना एकच शिकवा: भोकात काडी घालायची नाही, भुंगा हातात धरायचा नाही.

---

चिमणीची_आई | ९ मे, दुपारी १:०५

हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. नर आणि मादी ओळखायचे कसे?

---

नर्मदाकाठ | ९ मे, दुपारी १:३०

काही जातींत सोपं आहे: मादी काळी, छातीवर पिवळी लव, नर सगळाच पिवळसर. इतरांत लांबून कळत नाही. मागच्या पायांना पिवळे पराग माखलेले दिसले तर ती मादी, हे नक्की.

---

रंधा | ९ मे, रात्री ९:१५

मी सुतारकाम करतो, वडीलही हेच करायचे. लाकडाच्या बाजूने मला बोललं पाहिजे.

भुंगा लाकूड खात नाही. वाळवी खाते. भुंगा फक्त कोरतो आणि भुसा बाहेर टाकतो. मांडवाखाली बारीक पिवळा भुसा पडलेला दिसेल. भोक सेंटिमीटरभराचं, इतकं गोल की नवखा माणूस कुणी गिरमिट चालवलं म्हणून विचारतो. आत थोडं सरळ जाऊन बीळ लाकडाच्या रेषेने वळतं. त्या बोगद्यात मादी पराग आणि मध मळून एक गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते, भुशाचा पडदा लावते, मग पुढचा गोळा. अंडं एकेक करून मोजकीच, पण मोठी. किड्यांच्या जगात सगळ्यांत मोठ्या अंड्यांत याची गणना होते, असं मला एका प्राध्यापकांनी काम करताना सांगितलं होतं.

जुनं बीळ वर्षानुवर्षं साफ करून वापरतात, दरवर्षी नवं कोरतातच असं नाही. म्हणून बांबूच्या मांडवाला लगेच काही होत नाही. घराची तुळई, दाराची चौकट यांची काळजी असेल तर उपाय साधा आहे: कच्चं लाकूड उघडं ठेवू नका. ऑइलपेंट किंवा पॉलिश केलेल्या लाकडाला भुंगा सहसा हात लावत नाही. त्याला वाळलेलं, मऊसर, रंग न दिलेलं लाकूड हवं. रिकामी भोकं लांबीने बुजवा आणि वरून रंग मारा. पण आधी बघा आत कुणी आहे का. सकाळी दहाच्या सुमारास अर्धा तास उभं राहिलं की ये-जा दिसते.

मांडव मोडायचाच असेल तर बांबू जाळू नका. पेर जवळ ठेवून हात-हातभर तुकडे कापा, म्हणजे एक टोक बंद राहतं. अंगठा जाईल इतकी पोकळी असलेले निवडा. जुडी बांधून भिंतीला आडवी टांगा, छज्जाखाली, पाऊस आत जाणार नाही अशी. उंची माणसाच्या डोक्याच्या वर. तुकडे भरायला वेळ लागतो, पहिल्याच वर्षी रिकामे दिसले म्हणून काढून टाकू नका.

वठलेली फांदी रस्त्यावर असेल तर ती उतरवलीच पाहिजे. मान्सूनआधीचं वादळ आपल्याकडे कसं येतं ते सगळ्यांना माहीत आहे. फक्त तो ओंडका कचरा गाडीत देऊ नका. बागेच्या कोपऱ्यात दोन खांबांवर टेकवून ठेवा.

---

राजवाडा_ते_रेसिडेन्सी | १० मे, सकाळी ७:५०

रंधा यांच्या शेवटच्या वाक्यावर मला बोलायचंय. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात पहिल्या नंबरावर राहिलं, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्या नादात आपण वाळकी फांदी, पाचोळा, पडका बांबू हे सगळं घाण समजायला लागलोय. प्लास्टिकची पिशवी आणि वठलेला ओंडका यांत फरक आहे. ओंडक्यात घर असतं.

आणि हे इंदूरला कुणी बाहेरून येऊन सांगायची गरज नाही. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथल्या वनस्पती संशोधन संस्थेत होते, आणि शेतातला काडीकचरा, पाला, शेण यांचं खत करायची त्यांची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच गाजली. ज्या गावाच्या नावाने पाचोळ्याला किंमत आली, तिथे वाळक्या लाकडाला एक कोपरा मिळायला हवा. समितीत हे जरूर सांगा, इंदूरकराला हे लागू पडेल.

---

मुक्काम_बडोदे | १० मे, सकाळी ११:२०

आमच्याकडे याला गरमाळो म्हणतात, बडोद्यात सध्या सगळीकडे पिवळंच पिवळं आहे. मला एक शंका आहे. बहाव्यात मध नाही, मग भुंगा स्वतः जगतो कशावर? आणि रंधादादांनी लिहिलेल्या त्या गोळ्यातला मध कुठून येतो?

---

नर्मदाकाठ | १० मे, दुपारी १२:०५

फार महत्त्वाचा प्रश्न, आणि याच ठिकाणी आपली वृक्षारोपणं कमी पडतात.

मध दुसऱ्या झाडांवरून येतो. सगळ्यांत भरवशाची रुई. रिकाम्या प्लॉटवर, नाल्याकडेला वाढते तीच, जिच्या पानांची माळ आपण शनिवारी मारुतीला घालतो. रुईला जवळजवळ वर्षभर फुलं असतात, आणि तिचं परागण मुख्यतः या भुंग्यांकडूनच होतं. तिचे पराग सुटे नसतात, जोडीजोडीच्या थैल्या असतात. त्या पायांना अडकतात आणि दुसऱ्या फुलाच्या खाचेत बसतात. त्या ओढून काढायला बळकट कीटक लागतो. रुईखेरीज करंज उन्हाळ्यात उपयोगी पडतो, आणि शेताच्या बाजूला तूर.

म्हणजे चार बहावे लावले, सुरेख आळी केली आणि शेजारच्या प्लॉटवरची रुई तण म्हणून खणून काढली, वठलेलं लाकूड उचललं, तर भुंग्याला पराग आहेत पण मध नाही आणि राहायला जागा नाही. तो राहणार नाही. बहावा फुलत राहील, कारण फुलायला भुंगा लागत नाही. शेंगा नसतील. आणि झाड रस्त्यावरून जाणाऱ्याला पूर्वीसारखंच देखणं दिसत असल्यामुळे काही बिघडलंय हे कुणाच्या ध्यानातही येणार नाही. मला सगळ्यांत जास्त काळजी याची वाटते.

---

गच्चीवरचा_मळा | १० मे, दुपारी ३:४०

माझ्या गच्चीवर वांगी आणि टोमॅटो आहेत. तिथेही हेच भुंगे येतात. तिथेही थरथरच का?

---

नर्मदाकाठ | १० मे, दुपारी ४:१०

हो. वांगी, टोमॅटो, बटाटा, तिघांच्याही फुलांत मध नाही आणि परागकोश टोकाशी उघडतात. टोमॅटो स्वतःच्या परागांवरही फळ धरतो, पण हादरा मिळाला तर फळ चांगलं भरतं. युरोपातल्या काचघरांत पूर्वी माणसं विजेवर थरथरणारी कांडी घेऊन फुलाफुलाला लावत फिरायची. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंबलबी पाळून सोडायला लागले तेव्हा ते काम सुटलं. तुमच्या गच्चीवर हे काम भुंगे करताहेत. वांग्यावर औषध मारायची वेळ आलीच तर संध्याकाळी, भुंगे बिळात गेल्यावर, आणि फुलं टाळून.

---

वसुधा_सुदामानगर | ११ मे, रात्री ८:३०

बैठक झाली. फुलांचा घोस घेऊन गेले होते. तीन लांब आणि चार आखूड पुंकेसर मुलांनीच आधी मोजले, मग मोठे जवळ आले. नर्मदाकाठ सरांचं लिखाण वाचून दाखवलं, रंधादादांचंही.

फवारणी रद्द. वठलेली फांदी रस्त्यावर येते म्हणून उतरवणार, पण ओंडका बागेत राहील. मांडवाचे सडलेले बांबू काढून चांगले तसेच ठेवायचे आणि तुकड्यांच्या जुड्या टांगायच्या. फाटकाच्या लाकडी तुळईला ऑइलपेंट, त्याचा खर्च समिती करणार. एका काकांचं अजूनही समाधान झालेलं नाही. ‘एका वर्षाने बघू’ म्हणाले, ते मला रास्त वाटलं. शेजारच्या प्लॉटवरची रुई आमच्या हातात नाही, मालकांशी बोलायचं ठरलंय.

एक अडकलंय: डासांसाठी संध्याकाळी धुराची गाडी येते, तिचं काय करायचं?

---

नर्मदाकाठ | ११ मे, रात्री ९:१०

ताई, फार चांगलं झालं. डासांचा प्रश्न आरोग्याचा आहे, धूर पूर्ण बंद करा म्हणणं बरोबर नाही. पण त्या वेळी भुंगे आतच असतात, म्हणून धुराचं तोंड मांडवावर आणि जुड्यांवर धरू नये एवढी विनंती गाडीवाल्या भावांना करा. साठलेलं पाणी काढून टाकलंत तर धुराची गरजही कमी लागेल.

---

कडूनिंब | १२ मे, सकाळी ८:००

आमच्या कॉलनीतही लावायचेत. गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगांतलं बी रुजतं का?

---

नर्मदाकाठ | १२ मे, सकाळी ९:२५

रुजतं, पण तसंच टाकलंत तर फार वाट पाहावी लागते, कवच अतिशय कठीण असतं. शेंग फोडा, आत आडव्या पडद्यांचे कप्पे आणि काळा चिकट मगज असेल, प्रत्येक कप्प्यात एक चपटं तपकिरी बी. बी धुऊन एका कडेने खरखरीत दगडावर किंवा पॉलिश पेपरवर घासा, पांढरट भाग दिसला की थांबा. रात्रभर पाण्यात ठेवा. जी फुगतील ती पिशवीत लावा, न फुगलेली पुन्हा घासा. मगज रेचक आहे, मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

पावसाळ्यात रोपांची कोवळी पानं अळ्या खातील. त्या फिक्या पिवळ्या फुलपाखरांच्या असतात. पानं पुन्हा फुटतात, औषध मारू नका. झाडं एकटी-दुकटी न लावता एकमेकांच्या नजरेत राहतील अशी लावा, म्हणजे पराग एका झाडावरून दुसऱ्यावर जातील. आणि फुलायला काही वर्षं जातील, तोवर कुंपणाशी रुईचं एक झुडूप राहू द्या.